नवकारसी ते सूर्यास्त

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी सौ.ला म्हणालो होतो, "आता हा गोळ्यांचा डबा कायमचा माळ्यावर टाक." वजन 128 किलो, 14 वर्षांचा मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइड असा माझा संसार होता. जठर लहान झाले की हे सारे आपोआप मिटेल, अशी भाबडी समजूत होती. ती सर्वस्वी खोटी ठरली असेही नाही. साखरेच्या दोन्ही गोळ्या रुग्णालयातून घरी येण्यापूर्वीच डॉक्टरांनी बंद केल्या. वजन उतरण्याआधी साखर उतरली, याचे मला आजही नवल वाटते. रक्तदाबाच्या गोळीची मात्रा दोन महिन्यांत निम्मी झाली. परंतु डबा माळ्यावर गेला नाही. जुन्या गोळ्यांच्या जागी नव्या आल्या आणि त्या आजन्म राहणार आहेत.

माझी शस्त्रक्रिया गॅस्ट्रिक बायपासची. तिच्यात जठराचा लिंबाएवढा भाग कामाला ठेवून तो थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. आतड्याचा आरंभीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. आणि लोह व कॅल्शियम प्रामुख्याने तेथेच शोषले जातात. ब-12 जीवनसत्त्वाच्या शोषणासाठी जठरातून स्रवणारा एक घटक लागतो, तोही अन्नाला नीटसा भेटत नाही. म्हणून लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि ब-12 बाहेरून घ्यावे लागते. हळूहळू विरघळणाऱ्या, दिवसभर पुरणाऱ्या गोळ्यांचाही भरवसा राहत नाही. त्या पुरत्या विरघळण्याआधीच पुढे निघून जातात. माझी रक्तदाबाची गोळी याच कारणासाठी बदलली.

येथवर सारे समजण्यासारखे होते. खरी अडचण घड्याळाची निघाली.

गेली 19 वर्षे माझा चौविहार अखंड होता. सकाळी नवकारसी, म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटांपर्यंत काही नाही, आणि सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. मार्गशीर्ष-पौषात हाती उरतात जेमतेम दहा तास. त्यात थायरॉइडची गोळी उपाशीपोटी. तिच्यापासून लोह व कॅल्शियम चार तास दूर. लोह आणि कॅल्शियम एकमेकांपासून दोन तास दूर. कॅल्शियम एकदम घेतलेले शोषले जात नाही, म्हणून ते दोन वेळा विभागून. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही; आणि तरीही दिवसभरात दीड-दोन लीटर पाणी घोटघोट गेलेच पाहिजे. दुकानात चार गुमास्त्यांच्या जेवणाच्या सुट्ट्या बसवणे याहून सोपे!

अखेर सौ.ने वहीत वेळा मांडल्या. पावणेआठला नवकारसी पाळून थायरॉइड. साडेआठला न्याहारी व रक्तदाबाची गोळी. बाराला जेवण आणि कॅल्शियम. सव्वादोनला लोह, लिंबूपाण्याबरोबर. चहा वा दूध जवळपास नाही. पाचला संध्याकाळचे जेवण व दुसरे कॅल्शियम. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, म्हणून डॉक्टरांना सांगून गोळ्याच लिहून घेतल्या. ब-12 महिन्यातून एकदा इंजेक्शनने. प्रथिनांसाठी मूग, मसूर, पनीर, दही. कच्चे दही आणि कडधान्य एकत्र नको, म्हणून त्यांच्याही वेळा वेगळ्या.

मात्र पहिल्या काही महिन्यांत दिवसभरात पुरेसे पाणी जाईना. लघवी कमी झाली, उठताना भोवळ येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, रात्री पाणी घ्यावेच लागेल. चौविहार सोडून तिविहार घेण्याची ती संध्याकाळ मला शस्त्रक्रियेपेक्षा जड गेली. शरीराच्या लोभापायी 19 वर्षांचे व्रत मोडले, असे मनाने घेतले. मातोश्री तेवढेच बोलल्या, "जिभेच्या लोभापायी 128 किलो झालास, तेव्हा नाही आठवलं?"

एक चूक मात्र सर्वस्वी माझी. गुडघा दुखत होता. ओळखीच्या माणसाकडून जुनीच वेदनाशामक गोळी आणली आणि आठ-दहा दिवस कोणालाही न विचारता घेतली. शौचास डांबरासारखे काळे होऊ लागले. लोहाच्या गोळीने रंग गडद होतो हे ठाऊक होते, म्हणून आणखी दोन दिवस दवडले. जठर व आतडे यांच्या सांध्यावर व्रण होऊन रक्त जात होते. अशा शस्त्रक्रियेनंतर या जातीच्या वेदनाशामक गोळ्या वर्ज्य असतात. घरी येताना दिलेल्या कागदावर ते छापलेले होते. तो कागद दुकानाच्या गल्ल्यात घडी करून ठेवला होता. आता त्याची प्रत माझ्या पाकिटात असते आणि दात काढायचा असला तरी आधी ती दाखवतो.

पर्युषणात उपवासाचे पच्चक्खाण मागायला गेलो. महासतीजींनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, डॉक्टरांची संमती आहे का? नव्हती. मी म्हणालो, पच्चक्खाणात आगार असतातच. त्या म्हणाल्या की आगार अकस्मात आलेल्या संकटासाठी आहे. रोज सव्वादोनला वापरायचे ठरवून घेतलेले पच्चक्खाण ही आपलीच फसवणूक. मग त्यांनी बाह्य तपाच्या सहा भेदांतील दुसरा भेद समोर ठेवला: ऊणोदरी, भुकेपेक्षा कमी खाणे. मी संकोचून म्हणालो, तेवढे तर शस्त्रक्रियेनेच होते, त्यात माझे काय? त्या हसल्या. "मग दोन घास उरतील तेव्हा थांबा. ते थांबणे तुमचे." शिवाय आठ दिवस गोड आणि तळण यांचा त्याग दिला. गोडाने मला तसाही घाम फुटतो व छाती धडधडते. तरी त्याग म्हणून सोडण्यात वेगळेपण होते.

संवत्सरीच्या दिवशी दुपारी सव्वादोनला स्थानकातून उठलो, बाहेर येऊन बाटलीतले उकळलेले पाणी आणि लोहाची गोळी घेतली. पायरीवर व्यापारातले एक जुने स्नेही भेटले.

"का हो, उपवास नाही?"

"ऊणोदरी आहे," मी म्हणालो आणि आत जाऊन बसलो.