कारंज्याच्या वाड्यांतील चैत्र

फाल्गुनाची अष्टाह्निका संपते, होळीची राख निवते आणि कारंजा लाडच्या जुन्या गल्ल्यांतून जवसाच्या तेलाचा वास येऊ लागतो. वाड्यांची दारे-खिडक्या उन्हाळ्यासाठी सज्ज होत आहेत याची ती खूण. वऱ्हाडातील उन्हाची ओळख ज्यांना पुण्या-मुंबईवरून आहे, त्यांना या तयारीचे महत्त्व चटकन उमजत नाही. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, दुपारी वाऱ्याची झुळूक आली तर ती भट्टीसमोरून आल्यासारखी येते, आणि सकाळी नऊच्या सुमारास लावायची राहून गेलेली एक पश्चिमेची खिडक सायंकाळपर्यंत सारे घर तापवून ठेवते.

गावच मुळी दारांचे. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस आणि मंगरूळ वेस या चार वेशींनी त्याच्या दिशा ठरविल्या. कापसाच्या व्यापाराने पेढ्या उभ्या केल्या, पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील ‘शकुंतला’ ही छोटी रेल्वे येथूनच धावली. एका श्रीमंत जैन व्यापाऱ्याने विकायला आलेली सारी कस्तुरी एकरकमी विकत घेऊन घराच्या चुन्यात कालविली, ही कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका येथे अजून सांगितली जाते. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे एका गावात नांदतात. येथील भांडारांतील हस्तलिखितांमुळे १९३१ पासून ‘जसहरचरिउ’सारखे अपभ्रंश ग्रंथ छापून जगापुढे आले. काष्ठासंघाच्या मंदिरातील लाकडी कोरीवकाम पाहिले की लाकूड जपण्याची या गावाची जुनी सवय ध्यानात येते. वस्त्रांत गुंडाळलेल्या पोथ्या काय आणि वाड्याची सागवानी चौकट काय, दोहोंना वाळवीचे भय सारखेच.

ही वाळवी जैन घरात मोठा पेच निर्माण करते. विष घालून जीव मारावयाचे नाहीत. मग लाकूड राखायचे कसे? जुन्या मंडळींनी यावर काढलेला मार्ग आधीच्या काळजीचा आहे. वाळवी जमिनीतून मातीच्या बारीक नळ्या बांधीत वर चढते आणि तिला ओलावा लागतो. म्हणून चौकटीचा पाया कोरडा ठेवायचा, उंबऱ्याशी पाणी साचू द्यायचे नाही, कडुलिंबाचे किंवा करंजाचे तेल बुडाशी चोळायचे आणि मातीची रेघ दिसते का ते दर आठवड्याला पाहायचे. जीव आलाच नाही तर त्याला दुखविण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र वाळवी एकदा आत शिरली की औषध फवारणाऱ्याला बोलवायचे की चौकट गमवायची, यावर घरोघर निरनिराळे निर्णय झाले आहेत आणि त्यांची चर्चा फारशी मोठ्याने होत नाही.

झडपांचे काम त्यामानाने सुखाचे. बिजागऱ्यांत तेलाचे दोन थेंब, सैल झालेल्या खिट्ट्या घट्ट, कडी-कोयंडे पुसून लख्ख. थंडीत आणि कोरड्या हवेत लाकूड आकसते, फळ्यांत फटी पडतात. त्या फटींतून उन्हाच्या तिरिपीबरोबर धूळही येते. सुताराकडून पातळ पट्ट्या ठोकून त्या बुजविताना जाणती माणसे थोडी जागा सोडतात, कारण मृगाचा पाऊस पडला की तेच लाकूड फुगते आणि पावसाळाभर दार उघडता उघडत नाही. जवसाचे तेल लावलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाही, ती अंगणात पसरून वाळवायची, हा नियम लहान मुलांनाही पाठ असतो. अशा चिंधीच्या बोळ्याने आपोआप पेट घेतल्याचे प्रकार घडतात आणि कापसाचा व्यापार करणाऱ्यांच्या घरी आगीचे भय रक्तातच असते.

गुढीपाडव्याच्या सुमारास वाळ्याच्या ताट्या माळ्यावरून खाली येतात. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळे विणलेली ही ताटी खिडकीला बाहेरून लावायची असते. आतल्या पडद्याने ऊन अडते खरे, पण तोवर ते घरात शिरलेले असते. बाहेरची ताटी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबविते. तिच्यावर पाणी शिंपडले की कोरडा वारा ते पाणी उडविताना स्वतः निवतो आणि सुगंध घेऊन आत येतो. येथेही विवेक आहेच. शिंपडण्याचे पाणी गाळलेले असावे, जिवाणी जपून जेथल्या तेथे पोहोचवावी, पाणी धो धो न ओतता हाताने शिंपडावे आणि तिसऱ्या प्रहरानंतर शिंपडणे थांबवून ताटी सूर्यास्तापूर्वी कोरडी होऊ द्यावी. ओली राहिली की तिला बुरशी धरते. काही व्रती मंडळी पाण्याचा हा वापरही टाळतात आणि नुसती कोरडी ताटी लावून भागवितात. त्यांच्या घरी दुपारी गेलेल्या पाहुण्याला थोडा घाम येतो, एवढेच.

हल्ली ताटीची जागा बहुतेक ठिकाणी कूलरने घेतली आहे. तत्त्व तेच, फक्त वारा ओढायला पंखा. पण पाठीमागची खिडकी मिटून ठेवण्याची चूक अनेक घरांत होते. आलेली ओलसर हवा बाहेर पडायला वाट नसेल तर खोली दमट होते आणि मग कूलरच वाईट ठरतो. समोरचे दार चार बोटे उघडे हवे. टाकीतल्या साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या साधारण आठवड्याभरात वाढून डास बनतात; एकदा त्या झाल्या की टाकी ओतणे म्हणजे त्यांचा घात. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी टाकी रिकामी करून पुसून कोरडी करायची आणि गाळलेल्या पाण्याने पुन्हा भरायची. रात्री खिडक्या उघडताना आतला दिवा मालवायचा किंवा बारीक जाळी लावायची, म्हणजे पतंग ज्योतीवर येत नाहीत. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकलेली असल्याने स्वयंपाकघरातला दिवा तरी लवकर विझतो.

दारव्हा वेशीकडच्या एका वाड्यात एका चैत्रात या साऱ्या व्यवस्थेला अडसर आला. ऐंशी ओलांडलेल्या आजींची खोली पश्चिमेची. मागच्या वर्षी त्यांना ऊन लागून दवाखान्यात न्यावे लागले होते आणि डॉक्टरांनी यंदा खोली थंड राखण्याची ताकीद दिली होती. पाडव्याला तीन-चार दिवस असताना कूलर बसविण्यासाठी खिडकीवरच्या झरोक्याची फळी काढली, तर आत चिमणीचे घरटे आणि त्यात चार अंडी. कूलर सुरू झाला की घरट्याशी सतत घरघर आणि दमट वारा.

‘‘आई, घरटे अलगद उचलून जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवू,’’ थोरला मुलगा म्हणाला.

‘‘जागा बदललेल्या घरट्यात चिमणी बसत नाही रे. ती तशीच राहू दे.’’

‘‘आणि तुम्हाला पुन्हा ऊन लागले तर? मंदिरात पंडितजींनाही विचारून पाहिले. शरीर सांभाळणे हेही कर्तव्यच आहे, असे ते म्हणाले.’’

आजींनी वाद घातला नाही. आपले अंथरूण माजघरात हलवा, एवढेच सांगितले. माजघराला बाहेरची एकही भिंत नाही; मातीच्या जाड भिंतींआड ते वाड्यात सर्वांत गार. मात्र देवघर तेथून दूर, मध्ये दोन उंबरे, आणि आजींचे गुडघे दुखरे. पहाटे उठून त्या कोणालाही हाक न मारता जातील ही भीती घरच्यांना होती. शेवटी नातवाने दोन्ही उंबऱ्यांवर लाकडी उतार ठोकून दिला, सुनेने रात्रीचा दिवा लावण्याची जबाबदारी घेतली आणि कूलर चाकांच्या स्टँडवर माजघराच्या दाराशी आला. पश्चिमेची खिडकी तेवढी उघडीबोडकी राहिली. त्या खोलीत दुपारी कोणी थांबत नसे.

चिमणी अंडी साधारण बारा दिवस उबविते आणि पिल्ले आणखी पंधरवड्याने उडू लागतात. महावीर जयंतीला घरट्यातून किलबिल ऐकू येत होती. मिरवणुकीहून परतलेली मुले झरोक्याखाली उभी राहून चोची मोजत होती. तीन दिसत, चौथी दिसत नसे. आजी मधूनमधून त्या रिकाम्या खोलीच्या दाराशी जाऊन कान देत आणि ऊन अंगावर येताच मागे फिरत.

पुण्याला सदनिकेत राहणारा धाकटा मुलगा सुटीत आला तेव्हा त्याला हे सारे जरा अतिच वाटले. त्याच्या घरी सरकत्या काचेच्या खिडक्या आहेत. त्यांचा अर्धा भागच एका वेळी उघडतो, उन्हात काच तापते, आणि वातानुकूलन यंत्रासाठी तो अर्धा भागही बंद असतो. तेथे चिमणी येत नाही, त्यामुळे असा प्रश्नही पडत नाही, असे तो हसत म्हणाला. मग चार दिवस दुपारी माजघरात आईशेजारी निजला. जाताना त्याने वाळ्याची एक जुनी ताटी मागून घेतली. ती त्याच्या गाडीत मावेना, म्हणून टपावर बांधली.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी झरोका शांत होता. थोरल्याने शिडी लावून पाहिले. घरटे रिकामे होते, एक अंडे मात्र न फुटता तसेच पडले होते. दुसऱ्या दिवशी इक्षुरसाची वाटणी उरकल्यावर सुतार आला, फळी काढली गेली आणि कूलर खिडकीत बसला. आजींनी मात्र पाऊस पडेपर्यंत अंथरूण माजघरातून हलविले नाही. तेथे अधिक गार वाटते, असे त्या म्हणत.