मधे काय असते?

मराठीच्या प्राध्यापकाने आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवले, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे की लपवण्यासारखी, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही. डिसेंबर २०२२ मधे आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर माण तालुक्यातील एका गावी होते. आमचे विद्यार्थी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती आणि वाळू भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालत होते आणि मुक्काम गावातल्या विद्यालयाच्या दोन खोल्यांत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापक चहा घेऊन आले. विज्ञानाचे शिक्षक प्रशिक्षणाला गेले होते, आठवीचा वर्ग मोकळा बसून गोंधळ घालत होता. आमच्यापैकी कोणी चार दिवस एकेक तास घेईल का, असे त्यांचे विचारणे होते. शिबिराबरोबर आलेले रसायनशास्त्राचे सहकारी बंधाऱ्याच्या कामात अडकलेले. राहिलो मी. मी म्हटले, “अहो, मी मराठीचा माणूस.” ते शांतपणे म्हणाले, “पुस्तकही मराठीतच आहे, सर.”

या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुस्तक बालभारतीचे. त्यातल्या एका पाठाचे नाव ‘अणूचे अंतरंग’ आणि त्यापुढच्याचे ‘द्रव्याचे संघटन’. अंतरंग हा शब्द आम्ही कवितेसाठी राखून ठेवला आहे अशी माझी समजूत होती. तो अणूलाही लागतो हे पाहून जरा आपुलकी वाटली. रात्री कंदिलाच्या प्रकाशात (वीज होती, पण आमच्या खोलीतला दिवा गेलेला होता) दोन्ही पाठ वाचून काढले. भाषा स्वच्छ होती. मला सगळे समजले आहे असे वाटले. आता वाटते, समजलेली होती ती फक्त वाक्ये.

पहिल्याच तासाला ‘द्रव्य’ शब्दाशी अडलो. द्रव्य म्हणजे काय, या प्रश्नाला पहिल्या बाकावरची एक मुलगी ताडकन म्हणाली, “पैसा.” कीर्तनात ऐकले होते तिने. वर्ग हसला. पण ती चुकली नव्हती; मराठीत द्रव्याचा तोही अर्थ आहेच. आणि मी जो शब्द संस्कृत दर्शनांतून ओळखत होतो, त्याचा अर्थ तर आणखी निराळा. वैशेषिकांच्या नऊ द्रव्यांत पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश आहेत. पण त्यांच्याच रांगेत काल, दिशा, आत्मा आणि मनही बसलेले आहे. आठवीचे पुस्तक म्हणते, जे जागा व्यापते आणि ज्याला वस्तुमान असते ते द्रव्य. म्हणजे आत्मा गेला, मन गेले, काळही गेला. एकाच शब्दावर तीन अर्थ, आणि मुलांनी परीक्षेत तिसरा लिहायचा.

भाषेच्या माणसाला अशा जागा दिसू लागल्या की तो तिथेच रमतो. मीही रमलो, आणि त्यात काही भले झाले असेल तर ते एवढेच, की मुलांची अडचण पुष्कळदा विज्ञानाची नसून शब्दाची असते हे ध्यानात आले. ‘शुद्ध पदार्थाचे उदाहरण द्या’ म्हटल्यावर निम्म्या वर्गाने ‘दूध’ सांगितले. पिशवीवर तसे छापलेले असते. रसायनशास्त्रात दूध हे मिश्रण. पाणी, स्निग्धांश, प्रथिने, शर्करा सगळे एकत्र. शुद्ध म्हणजे भेसळ नसलेले, हा आपला बाजारातला अर्थ. शुद्ध म्हणजे सर्वत्र एकाच जातीचे, हा पुस्तकातला. (शुद्धलेखनातला शुद्ध हा आणखी तिसराच, आणि त्याबद्दल आम्हा मराठीवाल्यांतच एकमत नाही. असो.) तसेच ‘वितळणे’ आणि ‘विरघळणे’. बोलताना आपण बर्फही विरघळवतो आणि साखरही. पण बर्फ वितळतो तेव्हा घन पाण्याचे द्रव पाणी होते, दुसऱ्या कोणाची गरज लागत नाही; साखर विरघळते ती पाण्याच्या आश्रयाने, दोघांचे द्रावण होऊन. मराठीजवळ दोन वेगळे शब्द तयार आहेत आणि आपणच ते एकमेकांच्या जागी वापरून टाकतो. हा भाग मी उत्तम शिकवला असे मला वाटते. निदान त्यात चूक केली नाही.

मधल्या सुट्टीत तीच कीर्तन ऐकणारी मुलगी आली. तिच्या भावाच्या मोबाईलवर तिने हिंदीतला एक धडा पाहिला होता आणि त्यात पाण्याच्या कणाला ‘अणु’ म्हटले होते. पुस्तकात तर पाण्याचा रेणू असतो. खरे काय? दोन्ही खरे. मराठीत मूलद्रव्याचा लहानात लहान कण तो अणू आणि अणू जुळून झालेला तो रेणू. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. म्हणून मुंबईतले एकच केंद्र सरकारी खाते हिंदीत परमाणु ऊर्जा विभाग असते आणि मराठीत अणुऊर्जा विभाग. सीमा ओलांडली की अणूचा रेणू होतो. तिने हे वहीत लिहून घेतले आणि विचारले, “मग भांडण कोण मिटवणार?” मी सांगितले, मिटवण्याची गरज नाही, आपण कोणत्या घरात बोलतो आहोत एवढे लक्षात ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण. इथे मी आदल्या रात्री स्वतःवर खूश होऊन एक दृष्टान्त रचला होता: अणू म्हणजे अक्षर, रेणू म्हणजे शब्द. आज माहीत असलेली मूलद्रव्ये एकशे अठरा. त्या एवढ्या मुळाक्षरांत सारे विश्व लिहिलेले. मुलांचे डोळे चमकले, माझेही. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला. हायड्रोजन जळतो, ऑक्सिजन जळायला मदत करतो, असे पुस्तकात आहे. ‘कमळ’ शब्दात क, म आणि ळ तिन्ही ऐकू येतात. मग पाणी पेटत का नाही?

माझा दृष्टान्त तिथेच कोसळला. अक्षरे शब्दात आपला ध्वनी टाकत नाहीत. हायड्रोजन मात्र पाण्यात गेला की आपला स्वभाव सोडतो. फळ्यापाशी उभा असताना मला आठवला तो समास. ‘आईवडील’ म्हटले की आई आहे, वडीलही आहेत, दोघे आपापल्या जागी. हे मिश्रण. भेळेत शेव वेगळी, मुरमुरे वेगळे. कोणते किती घालायचे ते आपल्या मर्जीवर. पण ‘नीलकंठ’ म्हणजे निळा रंग नव्हे आणि गळाही नव्हे, तो शंकर. दोन पदे मिळून तिसऱ्याच कोणाचा बोध. हे संयुग. द्वंद्व आणि बहुव्रीही. पाणी हा बहुव्रीही समास आहे, असे मी त्या वर्गात सांगितले. ते कोणत्याही विज्ञानाच्या पुस्तकात सापडणार नाही.

संध्याकाळी ओढ्यावरून परतलेल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला हे ऐकवले. तो चिखलाचे पाय धूत होता. म्हणाला, “वाईट नाही. समासाचा विग्रह करता येतो ना? पाण्यात विजेचा प्रवाह सोडला की दोन्ही वायू जसेच्या तसे परत मिळतात. तो विग्रहच. पण प्रमाण सांगितलेस का?” प्रमाण मी सांगितले नव्हते. वजनाने हायड्रोजन एक भाग तर ऑक्सिजन आठ भाग, मग पाणी ओढ्यातले असो की पावसाचे. भेळेला असा नियम नाही, आणि खरे तर समासालाही नाही. तो पुढे म्हणाला की अणुवाद मांडणाऱ्या डाल्टनला पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक असे अणू असावेत असे वाटत होते. दोनास एक हे सर्वांनी मान्य करेपर्यंत पुढे अर्धशतक लोटले. हे ऐकून मला नको तितका दिलासा मिळाला.

कारण त्याच दिवशी दुपारी एक गोष्ट घडली होती, आणि ती मी त्याला अजून सांगितली नव्हती.

तासाच्या शेवटी मी फळ्यावर तीन चौकोन काढले होते. स्थायूत ठिपके दाटीने, द्रवात थोडे सैल, वायूत दूरदूर. खिडकीलगतचा एक मुलगा, दोन दिवसांत एक अक्षर न बोललेला, उभा राहिला आणि म्हणाला, “सर, ठिपक्यांच्या मधी काय असतं?”

मी म्हणालो, “हवा.”

एका क्षणाचाही विचार न करता म्हणालो. रिकाम्या जागेत हवा असते, हे आपण लहानपणापासून शिकलेले. रिकाम्या तांब्यात काय? हवा. मुलगा खाली बसला नाही. त्याने तिसऱ्या चौकोनाकडे बोट केले. “पण ही हवाच हाय ना? मग हिच्या ठिपक्यांच्या मधी?”

वर्ग गप्प झाला. माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि उत्तर नाही हे सांगण्याइतके धैर्यही त्या वेळी नव्हते. मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, “ते आठवीला नाही. खाली बस.” कोणीतरी फिसकन हसले. मुलगा बसला.

हे वाक्य मी कोठून उचलले, ते मला वर्गाबाहेर पडतानाच आठवले. १९९१ साली मी स्वतः आठवीत होतो. शिक्षकांनी सांगितले होते की मूलद्रव्याच्या अणूत त्या मूलद्रव्याचे गुणधर्म असतात. माझ्या आजोबांचे सोनारकाम, मी विचारले, “मग सोन्याचा एकच अणू पाहिला तर तो पिवळा दिसेल का?” उत्तर आले, “परीक्षेला येत नाही. बस खाली.” वर्ग असाच हसला होता. दहावीनंतर मी कला शाखेकडे वळलो त्याला हे एक वाक्य कारणीभूत झाले, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मला कविता आवडत होत्या आणि गणिताची भीती वाटत होती. पण त्यानंतर विज्ञानाच्या तासाला मी पुन्हा हात वर केला नाही, हेही तितकेच खरे आहे.

त्या रात्री सहकाऱ्याला आधी मुलाचा प्रश्न सांगितला. तो हसला नाही. “मधे काही नसते,” तो म्हणाला. “पोकळी.” मग बराच वेळ बोलत राहिला. डेमॉक्रिटसने अणू आणि पोकळी अशा दोन्ही गोष्टी एकदम मांडल्या, कारण पोकळीवाचून अणूंना हलायला जागा कुठली. अ‍ॅरिस्टॉटलला पोकळी मुळीच मान्य नव्हती. मुले मधे हवा भरतात ही चूक जगभरच्या वर्गांत होते, आणि शिक्षकही ती करतात. “तू एकटा नाहीस,” तो म्हणाला, आणि बहुधा माझा चेहरा पाहूनच म्हणाला.

मग मी तीस वर्षांपूर्वीचा माझा प्रश्नही विचारून टाकला. सोन्याचा एक अणू पिवळा असतो का? नसतो. पिवळेपणा ही एकट्या अणूची मालमत्ता नव्हे. असंख्य अणू एकत्र येऊन धातू झाला की तो रंग येतो. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरले तर ते पाणी चक्क लाल दिसते, आणि फॅरडेने १८५७ साली यावर प्रयोग केले होते. मला झोप लवकर लागली नाही. आजोबा असते तर त्यांना हे लाल सोने कसे सांगितले असते, याचा विचार करत होतो.

तिसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर आधी फळा पुसला. म्हणालो, “काल मी चुकीचे सांगितले. ठिपक्यांच्या मधे हवा नसते.” मुले एकमेकांकडे पाहू लागली, त्यांना माझी फजिती पाहण्याचा आनंद झाला होता हे उघड होते, आणि तो त्यांचा हक्कही होता. गावातल्या औषधाच्या दुकानातून बिनसुईच्या दोन सिरिंज आणल्या होत्या. एकीत पाणी भरले, दुसरीत नुसती हवा. तोंड अंगठ्याने घट्ट दाबून दट्ट्या रेटायचा. पाण्याचा दट्ट्या हलेना. हवेचा निम्म्याच्या आत गेला, आणि सोडल्यावर परत आला. खिडकीलगतच्या मुलाला मी पुढे बोलावले. त्याने दोन्ही तीनतीनदा करून पाहिले. हवेच्या कणांच्या मधे आणखी काही भरलेले असते, तर कण इतके जवळ सरकले असते का? वर्गाने ‘नाही’ म्हटले. तो काही बोलला नाही.

त्यानंतरच्या अर्ध्या तासात मी बोललो कमी आणि मुले जास्त बोलली. मधे देव असेल, असे एकाने सुचवले. मोबाईलवर पाहिलेल्या अंतराळाची गोष्ट दुसऱ्याने काढली; तिथे हवा नसते हे त्याला माहीत होते, पण तशीच पोकळी आपल्या सिरिंजमधे, आपल्या नाकातल्या श्वासात आहे, हे त्याला अन्यायाचे वाटले. मला सगळ्यांची उत्तरे देता आली नाहीत. माहीत नसलेल्या तीन गोष्टी मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवल्या आणि रात्री सहकाऱ्याला विचारून दुसऱ्या दिवशी सांगितल्या.

त्या चौथ्या आणि शेवटच्या तासाला मी मुलांना वायूचे चित्र काढायला सांगितले. वर्गातून फिरत खिडकीपाशी आलो. त्या मुलाने चौकोन काढला होता, चौकोनात सात-आठ ठिपके, आणि पेन्सिल हातात धरून तो थांबला होता.

“काय झालं रे?”

“सर, मधी काय न्हाय, ते कसं काढायचं? वहीला तर रेघा हायेत.”

रेघा ठिपक्यांच्या आरपार गेलेल्या होत्या. मी माझ्या डायरीतले एक कोरे पान फाडून त्याला दिले. त्याने ते बाकावर ठेवले, हाताने सपाट केले, थोडा वेळ नुसते पाहिले.

“पण सर,” तो म्हणाला, “हितं कागद हायेच की.”