चिठ्ठीवर एक ओळ वाढव

खामगाव

चि. ऋता,


तुझा फोन आला तेव्हा ओपीडीत गर्दी होती, नीट बोलणं झालं नाही. ‘फिजिओ चालूच आहे, मग आजींना तुझ्याकडे कशाला पाठवू?’ असं तू विचारलंस. बरं केलंस. बाकीचे चिठ्ठीवर ‘हाताचे व्यायाम’ लिहून मोकळे होतात.

लकव्यानंतर पायात बळ यावं, तोल सावरावा, चाल सुधारावी, हे फिजिओथेरपिस्ट बघतोच. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून मी विचारते, उठल्यापासून निजेपर्यंत या बाईचं अडतं कुठं? ब्लाउज घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी, एवढं शिकवलं तरी निम्मी ओढाताण वाचते. परातीखाली ओलं फडकं ठेवलं की ती सरकत नाही, एका हातानं कणीक मळता येते. बाज फार ठेंगणी असेल तर तिला उंची द्यायची, न्हाणीत पाटाऐवजी खुर्ची. आणि तुमच्या सिस्टरना सांग, उठवताना त्या हाताला धरून ओढू नका. सैल पडलेला खांदा त्यानं आणखी दुखावतो.

बोटं जरा हलायला लागली की मी डाळ निवडायला देते, वाती वळायला देते. दारातून डोकावणाऱ्याला वाटतं, म्हातारीचा वेळ घालवतायत. दाणा चिमटीत धरायचा, वेळेवर सोडायचा, त्यावर नजर ठेवायची. हे नुसतं ‘मूठ उघडा, मूठ मिटा’ म्हणून होत नाही. शिवाय हे काम तिच्या ओळखीचं असतं, म्हणून ती ते घरीही करते. व्यायामाचा कागद मात्र देवाच्या फोटोमागे जातो!

हे खूळ नवं नाही बरं. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमलाबाई निंबकरांनी 1950 साली मुंबईच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली, आशियातली पहिली. पंच्याहत्तर वर्षं उलटली, तरी वॉर्डात मी अजून ‘खेळणीवाल्या मॅडम’च.

आता सोयाबीनची सोंगणी उरकतेय, मळणी सुरू होईल. थ्रेशरमध्ये हात सापडलेले येतील. बोटाचा टेंडन शिवला असेल तर टाके निघेपर्यंत थांबू नकोस. स्प्लिंट कोणता, बोट कधी नि किती हलवायचं, हे पहिल्या काही दिवसांतच सर्जनशी बोलून ठरवावं लागतं. महिन्याभरानं आखडलेला हात घेऊन आलेल्या माणसाला कापूस वेचायला लावणं फार अवघड जातं.

आजींच्या चिठ्ठीवर निदान तू लिहितेसच. त्याखाली एक ओळ वाढव: घरात कोण असतं, आणि आजींना स्वतःला आधी काय जमायला हवंय. सोबत मुलाऐवजी सुनेला पाठव. मुलगा ‘सगळं ठीक आहे’ म्हणतो. रोज आंघोळ घालते ती सून. मंगळवारी सकाळी आल्या तर मला निवांत बघता येईल.

तुझी,
माई आत्या