कबीराचे बंगळुरातले बिऱ्हाड

बंगळूर म्हटले की डोळ्यांसमोर येतात संगणक कंपन्या, लालबागेतली फुलांची प्रदर्शने आणि वाफाळती फिल्टर कॉफी. गाण्याच्या दर्दींना आठवतो चामराजपेठेतला रामनवमीचा संगीतोत्सव. पण माळवा-राजस्थानातली कबीरभजने जपण्याचे मोठे कामही याच शहरातून झाले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल!

शहराच्या उत्तरेला येलहंका आहे. तिथल्या ‘सृष्टी’ या कलाशिक्षण संस्थेत २००३ साली शबनम विरमाणी यांनी ‘कबीर प्रकल्प’ सुरू केला. त्या मूळच्या गायिका नव्हेत, माहितीपट करणाऱ्या. २००२च्या दंगलींच्या वेळी त्या अहमदाबादेत होत्या. माणसामाणसांत पडलेली ती फूट पाहून, हिंदू आणि मुसलमान या दोघांनाही खडे बोल सुनावणाऱ्या कबीराचा शोध घ्यावा, असे त्यांना वाटले.

कॅमेरा घेऊन त्या निघाल्या. माळव्यातले शिक्षक आणि भजनगायक प्रह्लादसिंह टिपानिया, बिकानेरकडचे मुख्तियार अली, पार कराचीचे कव्वाल फरीदुद्दीन अयाज... प्रत्येकाचा कबीर वेगळा! या भटकंतीतून चार माहितीपट तयार झाले. त्यांतला ‘कोई सुनता है’ मराठी रसिकांना खास जवळचा, कारण त्यात कुमार गंधर्वांच्या कबीराचा मागोवा आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमारजी क्षयाच्या आजारामुळे १९४८ साली देवासला राहायला गेले आणि माळव्याच्या लोकगीतांनी त्यांच्या गाण्याला नवे वळण दिले.

ही भजने जपायची म्हणजे नेमके काय जपायचे? एकच भजन दोन गावांत दोन चालींत ऐकू येते, शब्दही बदलतात. कबीराच्या नावाने गायली जाणारी कितीतरी पदे जुन्या पोथ्यांत सापडतच नाहीत. पंडित पोथी प्रमाण मानतात, गावकरी गळा! विरमाणींनी गळ्याचा मान राखला. ‘अजब शहर’ या त्यांच्या संगणकीय संग्रहात गाणे, त्याचे शब्द, अर्थ आणि गाणारा माणूस, सारे एकत्र ठेवले आहे.

पण ध्वनिमुद्रणात आवाज राहतो, गाणे पुढे जायला दुसरा गळा लागतो. म्हणूनच विरमाणींनी पाच तारांचा माळवी तंबोरा हाती घेतला आणि लोकगायकांकडून शिकून त्या स्वतः गाऊ लागल्या. पुढे त्यांनी सिंधी सूफी कवी शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्याचाही वेध घेतला. विपुल रिखी यांच्यासह लिहिलेले त्यावरचे पुस्तक २०१९ साली प्रसिद्ध झाले.

दूर पेरू देशात सुसाना बाका या गायिकेनेही हेच केले. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांची गाणी त्यांनी किनाऱ्यावरच्या गावांतून गोळा केली आणि स्वतः गाऊन जगापुढे ठेवली. खंड वेगळे, पण वाट एकच.

कर्नाटकाला तरी हा कबीर परका कसा वाटावा? इथल्या घराघरांत शिशुनाळ शरीफांची पदे गायली जातात आणि लोक त्यांना ‘कर्नाटकाचा कबीर’च म्हणतात. आपल्याकडेही तुकोबांचे अभंग पोथीइतकेच वारीच्या वाटेवर जगले. घरातल्या आजीला एखादी ओवी, एखादे भजन येत असेल, तर ते जरूर टेप करून ठेवा. पण त्याआधी तिच्या शेजारी बसून ते शिकून घ्या!