हशा कुठल्या शब्दावर पिकतो

जळगावच्या मेहरूणमधला एखादा पोरगा स्टँडअप करायला उभा राहिला, की पहिला सल्ला ठरलेला असतो: खानदेशी बोल, लोक हसतील. हा सल्ला अर्धाच खरा आहे. 'काय करी ऱ्हायना भो' एवढ्यावर पुण्या-मुंबईत हशा येतो, हे मान्य. पण तो उच्चाराला आलेला असतो. तेच वाक्य जळगावच्या संभाजीराजे नाट्यगृहात म्हणून पाहा, कोणी ओठसुद्धा हलवणार नाही. घरात रोज कानावर पडतं त्याला कोण कशाला हसेल? जो विनोद आपल्याच गावात पडतो तो मुळात विनोद नव्हताच, असं माझं ठाम मत आहे. बोलीनं माणूस उभा करायचा आणि हशा त्या माणसाच्या वागण्याला यायला हवा.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे लक्ष्मण देशपांडे. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटा ५२ पात्रं करायचा. भाषा अस्सल मराठवाड्याची. प्रेक्षक हसायचे ते मानपानाला, रुसव्याफुगव्यांना, आपला गावचा तोरा घेऊन परदेशी निघालेल्या माणसांना. बोली काय करत होती? रंगमंचावर एकच देह असताना आता कोण बोलतंय, हे पहिल्या दोन शब्दांत कळवत होती. पु. ल. देशपांड्यांनी १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' एकट्यानं रंगमंचावर आणली, तिथंही चाळकऱ्यांच्या बोलण्याच्या तऱ्हा याच कामाला होत्या. खानदेशात प्रवीण माळी यांचा 'आयतं पोयतं सख्यानं' हा अहिराणी एकपात्री प्रयोग आहे, म्हणजे वाट इथंही पडलेली आहे.

मग खानदेशी माणसाच्या कुठल्या वागण्यावर बोलायचं? केळीचंच घ्या. हवामानावर आधारित फळपीक विम्यात उन्हाच्या तडाख्याची भरपाई ठरते ती हवामान केंद्रातल्या पाऱ्यावर. ठरलेल्या अंशांच्या वर तो सलग ठरलेले दिवस राहायला हवा. बागेत पानं करपलीत, घड सटकलेत, आणि केंद्रातला पारा पाव अंशानं खाली. अशा वेळी करपलेल्या बागेत उभा राहून घाम पुसत शेतकरी म्हणतो, 'देवा, अजून जरा तपू दे!' इथं हशा येतोच, आणि पाठोपाठ पोटात कालवतंही. मात्र विम्याचा नियम आधीच, दोन साध्या वाक्यांत, सहज बोलता बोलता सांगून झालेला हवा. 'तपू दे' शेवटी यायला हवं आणि त्यानंतर गप्प राहायला हवं. नियम मागून समजावत बसलात तर हशा मेला. ही बांधणी शिकायला वर्षं जातात, हेल काढायला एक दुपार पुरते.

यावर आक्षेप येतो की अशी बोली बाहेर कळणार नाही. पण इथल्याच आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपात आली आणि साऱ्या महाराष्ट्रानं ती आपली मानली. अडलेला एखादा शब्द संदर्भानं कळतो. खरी अडचण उलटी आहे. अहिराणी, तावडी, लेवा गणबोली या वेगवेगळ्या आहेत. त्यांची मिसळ करून 'खानदेशी' म्हणून खपवली, तर अमळनेरचा प्रेक्षक ती पहिल्या मिनिटाला पकडतो आणि मग त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: पोट कसं भरायचं? पैसा, कॅमेरा, तिकीट काढून येणारा प्रेक्षक, हे सगळं मुंबई-पुण्यात आहे. हिंगणघाटच्या सुनील पाल यांनाही देशानं ओळखलं ते २००५ मध्ये टीव्हीवरची विनोदाची स्पर्धा जिंकल्यावर. तेव्हा जाणाऱ्यानं खुशाल जावं, यात गावाशी बेइमानी नाही. पण सोबत काय न्यायचं, ते इथंच घडवावं लागतं. आजी, कॉलेजची पोरं, आडतदार आणि शिक्षक एकाच मांडवात बसलेत असा प्रेक्षक मुंबईच्या क्लबात मिळत नाही, आणि तो अवघड असतो म्हणूनच शिकवतो.

म्हणून गणेश मंडळांना आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे: यंदा ऑर्केस्ट्राच्या आधीची दहा मिनिटं आपल्या भागातल्या एखाद्या नव्या पोराला किंवा पोरीला द्या, आणि माइक नीट चालतोय ना, तेवढं आधी पाहा.