धुण्याला टिकेल तेच खरे!

नवा कपडा घेताना घरातली जाणती बाई दोन प्रश्न हमखास विचारते. रंग जाईल का? धुतल्यावर आटेल का? दुकानातल्या झगमगाटात हे प्रश्न फारच घरगुती वाटतात. पण एका मोठ्या तांत्रिक प्रयोगाची परीक्षाही अखेर अशाच प्रश्नांनी घेतली.

अमेरिकेतील गुगल आणि जीन्सवाली लेव्हाइज या कंपन्यांनी २०१५ मध्ये हातमिळवणी केली. तंत्रज्ञांच्या बाजूने इव्हान पुपिरेव्ह होते, कपड्यांच्या बाजूने डिझायनर पॉल डिलिंजर. कल्पना मोठी सुरेख. सायकलस्वाराने खिशातला फोन काढायचाच नाही. जाकिटाच्या बाहीवरून, मनगटाजवळ, नुसता हात फिरवला की गाणे बदलावे, फोन घेता यावा, रस्ता कळावा.

त्यासाठी धातूची बारीक तार साध्या धाग्याबरोबर गुंफण्यात आली. पण डेनिम तयार होताना त्यावरची लव चक्क ज्योतीवर जाळतात! नाजूक तार तिथे कशी टिकणार? मग गिरणीतल्या नेहमीच्या मागावर चालेल आणि आगीतूनही सुखरूप निघेल, असा धागा घडवावा लागला. प्रयोगाला नावही मागाचेच मिळाले : जॅकार्ड. फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांचा छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा हा माग १८०४ चा. बनारसी साड्यांवरची नक्षीही त्यावर विणली जाते.

२०१७ मध्ये जाकीट बाजारात आले. किंमत ३५० डॉलर. बॅटरीची छोटी पट्टी काढून ते धुता येई. पण बाहीतली करामत टिकण्याची मर्यादा होती दहा धुण्यांची! जाकीट रोज धुवायचे नसते हे खरे, तरी हा आकडा कोणत्याही गृहिणीला खटकेलच. २०१९ मध्ये सुधारित जाकीट आले. २०२३ मध्ये मात्र त्यासाठी लागणारे ॲप गुगलने बंद केले आणि बाही मुकी झाली.

जाकिटाची ऊब मात्र गेली नाही. कापड आणि यंत्र यांच्या आयुष्याचे गणितच वेगळे. आपल्याकडे आईची साडी विरली की तिची गोधडी होते. ॲप बंद पडले की त्याचे काहीच होत नाही. म्हणून डिझायनर आणि तंत्रज्ञ एकत्र बसतील तेव्हा कपडे धुणाऱ्या, वाळत घालणाऱ्या, उसवले तर टाका घालणाऱ्या माणसालाही शेजारी बसवावे. तो पहिल्याच दिवशी विचारील, "हे किती वर्षे टिकेल?"