विंडोजचा कान, लिनक्सचे हात

ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग हे ऐकून टंकणारं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं. माझं सगळं काम लिनक्सवर. मनगटं धड असती तर या दोन गोष्टींची गाठ पडायचं मला काही कारणच नव्हतं.

मी पुण्यात तांत्रिक लेखन करते. सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं इंग्रजीत लिहायची, तपासायची, बदल झाले की पुन्हा लिहायची. दिवसभर बोटं चालू. आधी उजव्या हाताला मुंग्या यायच्या, मग रात्री झोपेतून उठवणारी कळ यायला लागली, आणि पुढे कपबशी उचलतानाही अंगठा साथ देईना. डॉक्टरांनी मनगटात नस दबल्याचं निदान केलं, पट्टा दिला आणि टायपिंग बंद करायला सांगितलं. दुखण्यापेक्षा मला काळजी लागली ती कामाची.

बोलून लिहिता येतं, हे ऐकून माहीत होतं. जेम्स आणि जॅनेट बेकर या दांपत्यानं १९८२ मध्ये अमेरिकेत ड्रॅगन सिस्टिम्स ही कंपनी काढली. त्यांच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरला एकेक शब्द तोडून सांगावा लागे. १९९७ मध्ये नॅचरलीस्पीकिंग आलं आणि नेहमीच्या बोलण्याच्या ओघात मजकूर सांगता यायला लागला. मॅकसाठीची आवृत्ती २०१८ मध्ये बंद झाली. लिनक्ससाठी तर ती कधी नव्हतीच.

‘मग विंडोज घे ना, त्यात काय एवढं?’ असं घरात सगळ्यांनीच विचारलं. पण माझी कामाची सगळी घडी लिनक्सवर बसलेली होती. फायली कुठे, आज्ञा कोणत्या, पुस्तक छापायला तयार कसं होतं, हे सगळं वर्षानुवर्षं हाताशी जुळवलेलं. हात दुखतायत म्हणून तेही सोडायचं, हे मला पटेना.

पहिला प्रयत्न ‘वाइन’चा. १९९३ पासून स्वयंसेवक घडवत असलेला हा प्रकल्प विंडोजच्या प्रोग्रामला लागणारी कामं लिनक्सकडून करून घेतो. ड्रॅगन त्यात उघडलं, माझा आवाज ओळखायला लागलं, त्याच्या स्वतःच्या छोट्या खिडकीत इंग्रजी वाक्यं उमटली. पट्टा बांधलेला हात मांडीवर ठेवून मी ती वाक्यं बघत होते आणि डोळे भरून आले. मात्र शेजारच्या लिनक्सच्या एडिटरमध्ये एक अक्षरही जाईना.

त्याचं कारण कळलं तेव्हा पुढची वाट दिसली. अशा सॉफ्टवेअरची कामं दोन. एक ऐकण्याचं, दुसरं लिहिलेलं नेमक्या जागी पोचवण्याचं. कर्सर कुठे आहे, कोणता शब्द निवडलेला आहे, आधीचं वाक्य काय होतं, हे ड्रॅगन समोरच्या खिडकीला विचारतं, आणि ते विचारणं विंडोजच्या पद्धतीचं असतं. लिनक्सच्या खिडकीला तो प्रश्नच पोचत नाही. म्हणजे अडचण ऐकण्यात नव्हती, पोचवण्यात होती.

ऐकणं विंडोजकडे आणि पोचवणं लिनक्सकडे ठेवायचं, हा मार्ग माझ्याआधी काहींनी काढून ठेवला होता. टॅव्हिस रड नावाच्या प्रोग्रामरनं पायथन ही संगणकभाषा वापरणाऱ्यांच्या पायकॉन या परिषदेत २०१३ मध्ये आवाजानं प्रोग्राम लिहून दाखवला, तोही हातांच्या अशाच दुखण्यातून. त्याच्या भाषणाची चित्रफीत मी पुन्हा पुन्हा पाहिली. मग लिनक्सच्या पोटात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, उभारून त्यात विंडोज बसवलं आणि त्यात ड्रॅगन. आभासी साउंड कार्डातून आवाज तुटक जात होता, म्हणून यूएसबी हेडसेट थेट त्या आतल्या विंडोजच्या ताब्यात दिला. ओळखण्यातल्या निम्म्या चुका तिथेच गेल्या. असं काही करणाऱ्यानं आधी मायक्रोफोनकडे बघावं, हे मी आग्रहानं सांगते.

पोचवण्याचं काम ‘एनिया’ नावाचं सॉफ्टवेअर करतं. ड्रॅगन सिस्टिम्समध्ये काम करत असताना जोएल गुल्ड यांनी नॅटलिंक नावाचा दुवा लिहिला होता. त्यामुळे पायथनच्या प्रोग्रामला ड्रॅगनशी बोलता येतं. एनिया त्याच्या आधारानं ऐकलेले शब्द नेटवर्कवरून बाहेरच्या लिनक्सला कळवतं, आणि तिथे एक्सडूटूल हा छोटा प्रोग्राम ती अक्षरं टंकतो, जणू कळफलकावर कुणाची बोटं फिरतायत. एक्सडूटूल हे लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स-११ या जुन्या यंत्रणेसाठी आहे. वेलँड या नव्या यंत्रणेवर ते नीट चालत नाही, म्हणून मी जुन्याच पद्धतीचा डेस्कटॉप ठेवला आहे.

हे सगळं जुळवताना टायपिंग करावंच लागलं. ते माझ्या भाचीनं केलं. संध्याकाळी कॉलेजातून आली की ती शेजारी बसायची, मी सांगायचे, ती टंकायची. ‘मावशी, आता बोल बघू,’ ती म्हणाली आणि माझं पहिलं वाक्य एडिटरमध्ये उतरलं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

बोलून लिहिण्याला शिस्त लागते. वाक्य मनात पुरतं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. त्यानं माझं लिखाण आखूड आणि स्वच्छ झालं, असं माझं मत आहे. शेजारी कुकरची शिट्टी झाली किंवा दाराशी कुणी आलं की ‘गो टू स्लीप’ म्हणून मायक्रोफोन झोपवायचा. कोल्हापूर, इचलकरंजी अशी नावं शब्दसंग्रहात त्यांच्या उच्चारासकट घालायची. आणि घसा सांभाळायचा. मनगट वाचवताना आवाज बसलेली माणसं असतात. मी दर थोड्या वेळानं गप्प बसते, कोमट पाणी पिते.

मराठीसाठी मात्र या सगळ्या खटाटोपाचा उपयोग नव्हता. ड्रॅगनला मराठी येत नाही. फोनवर गूगलचं मराठी श्रुतलेखन २०१७ पासून आहे, आईला पत्र मी त्यावरच सांगते. सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयनं व्हिस्पर हे मॉडेल खुलं केलं. ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेलं हे मॉडेल लिनक्सवर, इंटरनेटशिवाय, कुठल्याही आभासी विंडोजशिवाय चालतं. इंग्रजी ते सुरेख उतरवतं. पण ते आवाजाचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे घेऊन काम करतं, ‘ही ओळ खोड’ अशी आज्ञा समजत नाही, म्हणून रोजच्या कामाला माझी जुनी जोडणीच बरी. मराठीत ते वारंवार अडखळतं, कारण त्याला शिकवताना मराठी बोलणं फारच थोडं मिळालं.

ही उणीव भरून काढणं आपल्या हातात आहे. मोझिलाचा कॉमन व्हॉइस प्रकल्प लोकांनी वाचलेली वाक्यं गोळा करून कुणालाही फुकट वापरता येतील अशी खुली ठेवतो, आणि त्यात मराठी आहे. वऱ्हाडी, मालवणी, खानदेशी, मराठवाडी वळणाचे आवाज तिथे हवेत, वयस्कर माणसांचे आणि बायकांचे हवेत. हातांनी साथ सोडलेल्या माणसाला उद्या आपल्या भाषेत लिहिता यावं, एवढ्यासाठी तुमचा थोडा वेळ आणि तुमचा आवाज द्या.